मावशींच्या खुंट्याचा परदेशी

पृथ्वीच्या पाठीवर आमच्या खानावळवाल्या मावशींइतकं रागावणारं माणूस दुसरं नाही, आणि असलंच तर मावशींना ते कळू देऊ नये. त्यावरूनही त्या रागावतील. सकाळी चूल लवकर पेटली नाही म्हणून त्या चुलीवर रागावत आणि लवकर पेटली तर ‘आज कशी गं गुमान पेटलीस, रोज काय धाड भरती तुला?’ म्हणून पुन्हा चुलीवरच रागावत. गिरणीचा भोंगा हा त्यांचा खास वैरी. तो वाजला की दोन्ही हात पिठात असले तरी त्या दाराशी येत आणि भोंग्याच्या दिशेनं तोंड करून म्हणत, ‘वरड, वरड! तुज्या बापाचं काय जातंय वरडायला? भाकऱ्या मला थापाय लागत्यात.’ उन्हावर त्या रागावत, सावलीवर रागावत, मिठावर तर हमखास. एकदा एका जेवणाऱ्यानं चुकून भाजीची तारीफ केली, तर ‘म्हंजी काल वाईट हुती व्हय?’ म्हणून त्याला असं काही फैलावर घेतलं, की बिचारा पुढे महिनाभर मुकाट्यानं जेवत होता.

मी वेंगुर्ल्याकडचा. पाचवीत शाळा सुटली, वडील गेले, आणि कुणाच्या तरी ओळखीनं सोलापूरच्या एका गिरणीत सूतखात्यात लागलो. मला तेव्हा सगळ्याचंच भय वाटे: मुकादमी करणाऱ्या जॉबरचं, यंत्राचं, भाकरीचंसुद्धा. भातावर वाढलेला मी. पहिल्या रात्री मावशींनी पुढ्यात टाकलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी बघून मला रडूच कोसळलं. मावशी कंबरेवर हात ठेवून पुढे उभ्या राहिल्या. ‘का रं कोकण्या, भाकर चावती का तुला? रडायचं आसंल तर भाईर रड, हितं जेवाय बसत्यात. गिळ आदी.’ मी गिळली. गिळून होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत, आणि मी नको नको म्हणताना वर दुसरी भाकरी टाकून, त्यावर लोण्याचा गोळा आपटून गेल्या. पुढे मला हिवतापानं धरलं तेव्हा याच बाईनं आठ रात्री कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि प्रत्येक पट्टीबरोबर एक शिवी हासडली. आज मी जिवंत आहे तो त्या पट्ट्यांमुळे की त्या शिव्यांमुळे, हे मला सांगता यायचं नाही. पण मेलो असतो तर मावशी फार रागावल्या असत्या, एवढं त्या तापातही मला कळत होतं.

मावशींच्या रागाला दिवसाचे चोवीस तास हाताशी असलेलं माणूस एकच: त्यांचा नवरा. हे काका गोव्याचे. एका नाटक कंपनीबरोबर आचारी म्हणून आले. कंपनी सोलापुरात बुडाली, मालक पळाला, आणि काका रिकामी पातेली घेऊन मावशींच्या दाराशी उभे राहिले. मावशी तेव्हा विधवा होत्या. पातेली कशी घासू नयेत यावरून त्या काकांवर जे रागावल्या, ते रागावता रागावता दोघांचं देवळात लग्नच लागलं. काका बोलत नसत. अगदीच बोलले तर आपल्या कोकणीत एखादा शब्द. ताटावर बसून हळूच म्हणत, ‘शीत?’ शीत म्हणजे भात. की मावशी उसळत. ‘शीत काय शीत! भाताला भात म्हणायला दातखीळ बसती का? इतकी वर्सं झाली, तुमची ती गोव्याची बोली मला एक आक्षर कळत न्हाय आन् कळून बी घ्यायची न्हाय.’ आणि भात काही मिळत नसे. शेजारचे विणकर आजोबा म्हणत, ‘काकांनी लग्न केलं नाही, मौनव्रत घेतलं.’

असं सगळं नीट चाललं होतं. मग शहरात मार्शल लॉची ती मोठी धामधूम झाली आणि ती निवल्यावर सरकारला ज्याच्या त्याच्या अंगाला संशयाचा वास येऊ लागला. एके दिवशी हवालदार आला आणि सांगून गेला, की परदेशी माणसांनी दर आठवड्याला चौकीवर हजेरी द्यायची. परदेशी म्हणजे काका, कारण गोवा फिरंग्यांचा. आणि मावशीसुद्धा. मावशींना वाटलं, हवालदार प्यालाय. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन त्या कचेरीत गेल्या. तिथल्या अव्वल कारकुनानं पान चघळत समजावलं: परदेशी बाईनं आपल्या माणसाशी लग्न केलं तर ती त्याच घटकेला आपली होते; पण आपल्या बाईनं परदेशी माणसाशी लग्न केलं तर ती परदेशी. कायदाच आहे. उद्या वरून हुकूम आला तर दोघांनाही हद्दीबाहेर जावं लागेल.

‘कुटं जावं?’

‘पोर्तुगालच्या मुलखात.’

‘त्ये कुटं आलं? माळशिरसाच्या पल्याड का?’

कारकून हसला. त्या हसण्याबरोबर मावशींचा आवाज जो चढला, तो शेजारच्या कचेरीतले लोक दारात येऊन ऐकू लागले. ‘हसतुस कुणाला रं? मी सिद्धेश्वराच्या तळ्याचं पाणी पिऊन वाढले. गड्ड्याच्या जत्रंत बापाच्या खांद्यावर बसून शोभंचं दारूकाम बगितलं. आन् मी परदेशी? बाई म्हंजी काय दावणीचं जनावार वाटलं व्हय तुमाला? ज्याच्या खुंट्याला बांदली त्याची?’

मला कचेरीचं भय वाटतं. टोपीवाल्या माणसापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते. पण त्या दिवशी मलाही राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. आमच्या खाडीच्या काठावर उभं राहिलं तर पलीकडच्या गावातली चूल पेटलेली दिसते. त्या काठाचा माणूस परदेशी आणि या काठाचा मी इथला! मला कुणी विचारलं नाही तुला मराठी येते का, तुझी चालचलणूक कशी. माझ्या आईनं मला या काठावर जन्म दिला, तेवढ्यावर मी पास. आणि ज्या बाईनं या शहराच्या निम्म्या गिरण्यांना भाकरी घातली, तिनं चौकीच्या पायरीवर बसून नाव पुकारलं जाण्याची वाट बघायची. ती बसे. हवालदाराकडे पाठ करून बसे, पण बसे.

उपाय एकच होता: काकांनी इथली प्रजा व्हायचं. ते झाले की मावशी आपोआप होणार. त्यासाठी इथं पुरेशी वर्षं राहिलेलं असावं लागे, ती होती. पुढेही इथंच राहण्याचा इरादा हवा. त्यावर मावशी म्हणाल्या, ‘जात्यात कुटं? तंगडी मोडीन.’ चांगल्या वर्तनाला साक्षीदार हवे. विणकर आजोबा गेले आणि कचेरीतल्या साहेबांना सांगून आले, की या माणसानं इतक्या वर्षांत तोंडातून एक वाईट शब्द काढला नाही. चांगला काढला का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा आजोबा प्रामाणिकपणे म्हणाले, ‘तोही नाही.’ शेवटची अट मात्र कठीण होती. इथली भाषा यायला हवी, आणि साहेब स्वतः परीक्षा घेणार होते.

शिकवणी माझ्याकडे आली, कारण त्या घरात सर्वांत विद्वान मीच. मला पाचवीच्या पुस्तकातला गाईचा धडा पाठ होता. तो मी काकांना रोज संध्याकाळी दिला. ‘गाय हा अत्यंत उपयुक्त पशू आहे.’ काका भाजी चिरता चिरता गाय पुटपुटत आणि मावशी आतून ओरडत, ‘गाईला च्यार पाय आसत्यात हे सांगायला सायेब लागतो व्हय? मोठ्यानं म्हणा की जरा!’

परीक्षेच्या दिवशी साक्षीदार म्हणून मला आत घेतलं. साहेब पुण्याकडचे, चष्म्यातून बघणारे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘सोलापुरात किती वर्षं आहात?’ आणि उत्तर आलं ते दारातून: ‘लई वर्सं झाली, सायेब!’ दुसरा प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर दारातून. साहेबांनी शांतपणे दार लावून घ्यायला सांगितलं. मावशींच्या तोंडावर आजवर कुणी दार लावलं नव्हतं. काका त्या बंद दाराकडेच बघत राहिले. साहेबांनी तिसरा प्रश्न विचारला, चौथा विचारला. काका गप्प. गाय कुठल्या कुठे पळून गेली होती. साहेबांनी दौतीत टाक बुडवला, आता नामंजूर लिहिणार, इतक्यात शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तो त्यानं थेट कागदांच्या काठावर ठेवला. तांब्या डुगडुगला. आणि काका कडाडले, ‘आरं मुडद्या, डोळं फुटलं का तुजं? कागद भिजत्यात की! खाली ठीव त्यो तांब्या!’

शिपायानं तांब्या छातीशी धरला. साहेबांनी टाक खाली ठेवला.

‘येते की तुम्हाला मराठी!’

काका घामाघूम. ‘येवडीच येते, सायेब. घरात आयकतो ती.’

‘मग घरात ऐकता ती म्हणा.’

काकांनी डोळे मिटले आणि मावशींची सकाळ सुरू केली. ‘उटा आता, ऊन आलं डोस्क्यावर. सगळ्या जगाची चूल पेटली, आमच्यात आजून घोरत्यात. पानी आनलं का? आनलं म्हंजी उपकार केलं व्हय माज्यावर? हितं मरमर मरायचं मी...’ तोच आवाज, तोच ठसका, तोच हात कंबरेवर. शिपाई तोंडात पटका कोंबून हसत होता. साहेबांचा चष्मा हलत होता. काका थांबेनात. दुपार आली, भोंग्याला शिव्या झाल्या, मीठ झालं, संध्याकाळ झाली. मग आवाज जरा उतरला. ‘बसा आता वाईच. दिसभर हुबं ऱ्हाऊन पाय सुजल्यात, मला काय दिसत न्हाय व्हय? तेल लावते, हालू नगा. पोट भरलं न्हवं? का आजून आर्दी भाकर टाकू?’

काकांनी डोळे उघडले. आत कुणी हसत नव्हतं.

‘शिकवणारी कोण?’ साहेबांनी विचारलं.

‘भाईर हाय,’ काका म्हणाले.

काका पास झाले. कागद वरून मंजूर होऊन यायला बराच काळ गेला, पण आले. राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यायची होती, त्यावरून मावशी दोन दिवस जेवल्या नाहीत. ‘माज्यासंगं इमान राखलं त्ये पुरं न्हाय का? त्यो राजा आला हुता का पातेली घासाय?’ आणि शपथ झाल्यावर तो कारकून पान चघळत म्हणाला, ‘बाई, आता तुम्हीही आमच्या झालात.’ मावशींनी त्याच्याकडे बघितलं. मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत होतो. पण त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘मी तुमचीच हुते की रं.’ आणि पदर तोंडाला लावून चालू लागल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांचं न रागावता बोललेलं वाक्य ऐकलं ते हे एकच.

पुढे मी बार्शीच्या गिरणीत गेलो. काका गेल्याचं मला फार उशिरा कळलं. भेटायला आलो तेव्हा जेवणाची पंगत उठून गेली होती. मावशी चुलीपुढे एकट्या. मला बघून ‘आता तोंड दावतुस व्हय रं, कोकण्या’ एवढं म्हणाल्या, पण त्यात नेहमीची धार नव्हती. पाट मांडला. ताट पुढे सरकवलं तर भाकरी नाही, वाफाळलेला भात. मला पुन्हा पहिल्या रात्रीसारखं रडू आलं. कंबरेवर हात ठेवून त्या पुढे उभ्या राहिल्या.

‘कित्याक रडटा रे?’ त्या म्हणाल्या. ‘आनीक इल्लें शीत जाय?’

बोली काकांची, हेल सोलापूरचा. का रडतोस, आणखी थोडा भात हवा का. मी वर बघितलं. कधी शिकल्या, कुणाला कळू न देता किती वर्षं ऐकत होत्या, विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांची परीक्षा घ्यायला कुठल्या सरकारनं कधी साहेब बसवला नव्हता.

‘जाय,’ मी म्हटलं.

‘मग मोठ्यानं सांग की,’ मावशी म्हणाल्या आणि भाताचं पातेलं घेऊन वळल्या.