आबांचं माश्यांशी वैर

माशीवर इतका मनापासून राग धरणारा माणूस धुळ्यात दुसरा झाला नाही आणि व्हायचाही नाही. एरवी आमच्या शेजारचे आबा मुंगीलाही वाट देणारे. पण ऊन तापायला लागलं आणि परसात पहिली माशी घोंगावली, की या गरीब माणसाच्या अंगात वारं शिरे. परसात त्यांच्या चार कोंबड्या होत्या. रेल्वेच्या नोकरीत जिथे जिथे बदली झाली, त्या स्टेशनांची नावं त्यांनी कोंबड्यांना दिली होती. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार आणि नरडाणा. नरडाणा तांबडी, थोराड आणि आबांची विशेष लाडकी. आबा पायरीवर चहाला बसले की ती त्यांच्या पावलावर येऊन बसे, आणि ती उठेपर्यंत आबा पाय हलवत नसत. एकदा पोस्टमन दारात रजिस्टर पत्र घेऊन उभा होता. आबांनी त्याला घरातून परसात बोलावलं आणि बसल्या जागी सही केली.

उन्हाळ्यात कोंबड्या चोच वासून, पंख फाकवून धापा टाकत. त्यात डोळ्यांशी माश्या. ते आबांना बघवत नसे. त्यांनी खुराड्याला चक्क नवी मच्छरदाणी लावली. तेव्हा त्यांच्या घरच्या अक्का कुंपणावरून मला म्हणाल्या, "लगनले चाळीस वरीस व्हयनात. मन्हाकरता कधी मच्छरदाणी नही आणी ह्या मानूसनी." खुराड्यातला भुसा आबा दिवसातून दोनदा उपसून उन्हात वाळवत, वर चुलीतली राख पसरत. सकाळ-संध्याकाळ कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करत. तो धूर आधी आमच्या स्वयंपाकघरात येई, मग माश्यांकडे जाई. चैत्र-वैशाखातलं आमचं वरण त्यामुळे कडवट लागे. मी वैतागून एकदा फवारायचं औषध आणून दिलं, तर त्यांनी बाटली हातात घेऊन शांतपणे परत केली. "औषधनी माशी मरी, मरेल माशी कोंबडी खाई. मंग?"

एवढं करून त्या वर्षी माश्या हटेनात. उलट गल्लीभर झाल्या. बायकांनी गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घातले की त्यांच्यावर काळी चादर. शेवटी गल्लीतल्या चौघीजणी आबांच्या ओट्यावर गेल्या. त्यातली थोरली म्हणाली, "आबा, आखाजीले पोरी माहेरले येतीन. आमरसवर माश्या बसतीन ते कसं दिसी? त्याना पहिले कोंबड्या हलाडा." मीही तिथे उभा होतो आणि मान डोलावली, हे सांगून टाकलेलं बरं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस होते. आबांनी कोंबड्यांच्या टरबुजाच्या साली बंद केल्या, सगळा भुसा बदलला, एक एक कोपरा हाताने चाचपला. मग एका दुपारी भर उन्हात ते आमच्याकडे आले. मागच्या खिडकीतल्या कूलरकडे बघत उभे राहिले. आमचा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा. त्याच्या पाठीवरचं घामोळं बघून आबांनी विचारलं, झोपतो का? बायको म्हणाली, कूलर चालू असला तरच. बंद झाला की घर डोक्यावर घेतो. आबांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, पाणी प्यायले आणि निघून गेले.

त्याच संध्याकाळी त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, "मन्हीच चूक शे. खुराडामा वल्ल राही गयी." दोन दिवसांनी चारही कोंबड्या टोपल्यांत घालून ते एसटीने पिंपळनेरला बहिणीकडे सोडून आले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

पण आखाजीच्या दिवशीही आमरसावर माश्या होत्याच. तेव्हा मी पहिल्यांदा आबांच्या खुराड्यामागे डोकावलो. आमच्या कूलरची टाकी गळत होती. भिंतीवरून हिरवट ओघळ उतरून थेट त्यांच्या खुराड्याच्या मागच्या कोपऱ्यात मुरला होता, आणि तिथल्या ओल्या भुशात अळ्या वळवळत होत्या. हातभर पन्हळ लावली असती तर भागलं असतं. मी ताडताड ओट्यावर गेलो आणि विचारलं, आबा, सांगायचं तरी!

"तू कूलरच बंद करी देता," आबा म्हणाले. "तुन्हा पोऱ्याना आंगवर घामोळं उठेल व्हतं ना."

ते खरंच होतं. गल्लीच्या त्या तक्रारीत मला पन्हळ सुचली नसती; मी कूलर दुरुस्तीला टाकला असता आणि तो आठ दिवस आला नसता. हे आबांनी माझ्याआधी ओळखलं होतं. त्या संध्याकाळी मी पन्हळ लावली, तो कोपरा उपसून कोरडा केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडून पिंपळनेरला गेलो. आबांच्या बहिणीने परसात नेलं. तिथे तीन कोंबड्या होत्या. नरडाणा त्या दिवशी एसटीतच, साक्रीच्या पुढे, उन्हाने गेली होती. आबांनी गल्लीत कोणाला सांगितलं नव्हतं. अक्कांनाही नाही.

तिघींना घेऊन मी परतलो. टोपल्या ओट्यावर ठेवल्या, पण आबांकडे बघायचा धीर होईना. माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "बस आधी. पानी पे. ऊन लागनं व्हई तुले." आणि स्वतः उठून माठातलं पाणी आणून दिलं.

या गोष्टीला तीन उन्हाळे झाले. आबा माझ्या मुलाला रोज खांद्यावर घेऊन कोंबड्या दाखवतात, आणि माझ्याशी पहिल्यासारखंच बोलतात. एकदा तरी त्यांनी मला चांगलं रागवायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.