जिन्यावरची खुर्ची

माझा जावई इंजिनिअर आहे, हे मी पूर्वी कुणी न विचारताही चारचौघांत सांगायची. पुढे पुढे कुणी विचारलं तरी विषय बदलायला लागले. चौदा वर्षं पंपाच्या कारखान्यात नोकरी केलेला माणूस एक दिवस राजीनामा देतो आणि घरी येऊन गॅरेजमध्ये कॅमेरा मांडून बसतो, तर सासूने लोकांना सांगावं तरी काय? हातचं सोडून पळत्याच्या पाठी, असं मी लेकीला ऐकवलंसुद्धा. ती म्हणाली, चौदा वर्षं तो एकाच पंपाची झाकणं आखत होता, त्याच्या हातात होतं तरी काय? मला काही ते पटलं नाही.

कामाला मात्र वाघ. सकाळी आठला गॅरेजचं शटर वर. भिंतीवर पाने-पकडी उंचीप्रमाणे टांगलेल्या, फरशीवर कॅमेऱ्याच्या तिवईसाठी खडूच्या तीन खुणा. वाळत घातलेले कपडे स्वतःच छतापर्यंत नेणारी दोरी, पाणी प्यायला विसरलं की ओरडणारी बाटली, असलं काहीबाही तो करायचा. निम्म्या गोष्टी फसायच्या आणि फसलेलंही तो दाखवायचा. लोकांना तेच आवडायचं. चॅनेलचं नाव होतं 'खटपट्या'. रस्त्यात लोक त्याला थांबवून त्याच नावाने हाक मारू लागले तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

मग त्याने जिन्यावरची खुर्ची केली, ती माझ्यासाठी. माझे गुडघे गेलेले आणि खोली वरच्या मजल्यावर. कठड्याला लागून रूळ, रुळावर चाकांची खुर्ची, वर मोटर, आणि तारेच्या दोरीने खुर्ची वर-खाली. सीटखाली एक खटका होता. दोरी तुटली किंवा सैल पडली, की तो स्प्रिंगच्या जोराने रूळ पकडून ठेवायचा. मी मात्र त्या खुर्चीत बसले नाही. मी काही सामान नाही, म्हटलं. रिकाम्या खुर्चीच्या शेजारून कठडा धरून कण्हत मी वर चढायची. हट्टाला औषध नसतं.

त्यामुळे व्हिडिओत माझ्या जागी वाळूचं पोतं बसलं. शूटिंगच्या वेळी सीटखालचं पत्र्याचं झाकण आड येत होतं, चाकं दिसत नव्हती, म्हणून त्याने ते काढलं. खटका त्या झाकणालाच जोडलेला होता, तोही सोबत निघाला. पोतं झोकात वर गेलं, खाली आलं, व्हिडिओ झाला, झाकण परत बसलं. खटक्याबद्दल सांगायचं मात्र राहून गेलं. कारखान्यात ही चूक त्याच्या हातून झाली नसती, तिथे आतलं काही कुणाला दाखवायचं नसतं.

तो व्हिडिओ सगळ्यांत जास्त पाहिला गेला. 'किती सोपं,' असं लोक खाली लिहीत. पाच महिन्यांनी एका बाईंचा निरोप आला. त्यांनी आपल्या आईसाठी तशीच खुर्ची करून घेतली होती. दोरी निसटली आणि खुर्ची चार पायऱ्या घसरून भिंतीवर आदळली. आईचं मनगट मुरगळण्यावर निभावलं. रागाचा एक शब्द नव्हता. एवढंच विचारलं होतं की, अशा वेळी खुर्ची थांबावी म्हणून तुम्ही काय केलंय, आम्हाला व्हिडिओत दिसलं नाही.

जावयाने तो निरोप दोनदा वाचला. तासाभरात त्याने व्हिडिओ काढून टाकला. घर त्याच व्हिडिओच्या पैशांवर चाललं होतं, तरी कुणाला विचारलं नाही आणि लेकीनेही अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी खटक्यासकट नवा व्हिडिओ आला, 'चूक माझी आहे, खुर्ची बंद ठेवा' अशा सुरुवातीचा. ज्यांनी ज्यांनी खुर्ची केल्याचं लिहिलं होतं त्या एकेचाळीस घरांना त्याने गाठलं, खटके करून पाठवले. लोकांनी नावं ठेवली, ती ऐकून घेतली. पण त्यानंतर गॅरेजचं शटर वर जाईना. जुन्या साहेबांना फोन करून जागा आहे का असं तो विचारत होता, ते माझ्या कानावर आलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मग त्या बाईंचा पुन्हा निरोप आला. खटका बसवला, पण आई खुर्चीला हात लावायला तयार नाही. दोन महिने खाली उतरली नाही, खिडकीशी बसून असते. शेवटी लिहिलं होतं, तुम्ही तुमच्या आईला यात बसवाल का?

त्याची आई तो लहान असतानाच गेली. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. "यांना काय लिहू?"

"काही लिहू नका. कॅमेरा आणा," मी म्हटलं.

त्याला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर तो नाहीच म्हणाला. शेवटी आधी एक पोतं बसवलं, मग दोन, मग तो स्वतः बसला आणि लेकीला दोरी सोडायला लावली. दर वेळी खुर्ची बोटभर घसरून थांबली. मग मी जाऊन बसले. त्याने पट्टा बांधला, ओढून पाहिला, पुन्हा बांधला. खुर्ची निम्म्या जिन्यापर्यंत गेली.

"आई, पुरे. आता खाली घेतो."

"त्यांची आई अशी मध्येच घसरली ना? सोडा."

त्याने दोरी सोडली. सीटखालून खट्ट आवाज आला आणि मी होते तिथेच होते. जावई पायरीवर बसला, डोकं गुडघ्यांत घालून. कॅमेरा चालूच होता. कधी न पाहिलेल्या त्या बाईंच्या आईला मी म्हटलं, "बाई, मी घाबरले. अजून घाबरलेलीच आहे. पण हा माणूस चुकला तर चुकलो म्हणतो, म्हणून बसले."

घाबरल्याचं काढून टाकू का, असं तो विचारत होता, त्या आणखी घाबरतील म्हणून. एकदा तो खटका काढून पाहिलंत ना, म्हटलं, आता सगळं राहू द्या.

व्हिडिओ पाठवला, तर संध्याकाळी त्या आईंचा उलटा सवाल आला: व्हिडिओतल्या त्या बाई रोज बसतात का, की कॅमेऱ्यापुरत्या?

बाई पक्की होती. आजपासून रोज, असं मी लिहायला लावलं आणि खरंच रोज बसू लागले. नवव्या दिवशी निरोपवाल्या बाईंनी कळवलं की आई खाली आल्या आहेत, बाहेर बाकावर बसल्यात आणि वर जायचं नावच घेत नाहीत. मी गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं. जावई माझ्यासमोर लहान पोरासारखा रडला आणि मी त्याला रडू दिलं.