ग्लेनिसची बोटं

ग्लेनिस ट्रेगर लोकरीची प्रतवारी करायची. ऑस्ट्रेलियात, पश्चिम व्हिक्टोरियातल्या मेंढ्या कातरायच्या शेडांमध्ये नुकती कातरलेली लोकर टेबलावर पसरली, की ती उजव्या हाताने एक झुबका उपटायची, बोटांत चोळायची आणि कुठल्या गठ्ठ्यात टाकायची ते सांगून मोकळी व्हायची. तिचा शब्द कोणी मोडत नसे.

त्याच बोटांतून तिची आकडी सुरू व्हायची. आधी मुंग्या, मग हाताला झटके, आणि पुढचं तिला काही आठवायचं नाही. एकोणिसाव्या वर्षापासून हेच चाललं होतं. गाडी चालवायला बंदी, म्हणून नवरा क्लेम तिला रोज शेडवर सोडायचा. "राणीसाहेबांचा ड्रायव्हर आहे मी," म्हणायचा. औषधं बदलून झाली. मेंदूचा एमआरआय दोनदा झाला, दोन्ही वेळा अहवालात काहीच दोष नाही.

"दोष नाही म्हणे!" ग्लेनिस चिडायची. "मग मला काय हौस आहे जमिनीवर लोळायची?"

सेहेचाळिसाव्या वर्षी ती चालू यंत्राशेजारी कोसळली आणि थोडक्यात वाचली. मग मात्र क्लेमने तिला मेलबर्नच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे डोक्याला तारा लावून आकड्या टिपल्या. शिरेतून किंचित किरणोत्सारी साखर सोडून आणखी एक स्कॅन केलं. डाव्या मेंदूतला एक कोपरा ती साखर जेमतेमच घेत होता, म्हणजे तिथलं काम बिघडलेलं होतं. चित्रं वाचणाऱ्या डॉक्टर अनोजा विक्रमसिंघे यांनी मग एमआरआयमध्ये नेमका तोच कोपरा पुन्हा धुंडाळला. मेंदूच्या एका घडीच्या तळाशी वाटाण्याएवढा पुसट डाग सापडला.

"जन्मापासूनचा आहे," सर्जन फर्गस लॉय म्हणाले. "इतका खोल, की नजरेतून सुटतो."

"मग काढून टाका की!" क्लेम म्हणाला.

"काढीन. पण हाताची जाणीव सांभाळणारा भाग शेजारीच आहे. किती शेजारी, ते आधी बघायला हवं."

ग्लेनिसचा चेहरा उतरला. "बोटंच गेली, तर मी करू काय?"

म्हणून तिला पुन्हा यंत्रात झोपवलं. मेंदूचं काम चालू असतानाच त्याची चित्रं निघत होती, आणि तंत्रज्ञ तिच्या एकेका बोटावरून ब्रश फिरवत होता. "डुलकी काढू नका हं," तो मधूनमधून दरडावत होता. दोन दिवसांनी लॉयनी पडद्यावर दाखवलं. रंगीत ठिपके म्हणजे बोटं, त्यांच्या मागे डाग, आणि मध्ये सात मिलिमीटर.

"एवढी जागा पुरेल?" ग्लेनिसने विचारलं.

"मला पुरेल. काही दिवस हात बधिर वाटेल, हे मात्र आत्ताच सांगतो."

शस्त्रक्रियेनंतर तीन दिवस तिला हातात धरलेला चमचाही कळत नव्हता. चौथ्या दिवशी क्लेमने आपली टोपी तिच्या हातात दिली. तिने ती बराच वेळ चोळली.

"लोकर म्हणून घेतलीस ही? निम्मं प्लास्टिक आहे!"

क्लेम हसायला गेला आणि रडला.

वर्षभर एकही आकडी आली नाही. लायसन मिळालं, तशी ती स्वतः गाडी हाकत मेलबर्नला गेली. शेजारी क्लेम वाटभर नसलेला ब्रेक दाबत होता. अनोजांची अंधारी खोली शोधायला अर्धा तास गेला.

"माझ्याकडे सहसा कोणी येत नाही," अनोजा गोंधळून म्हणाल्या. "इथे फक्त चित्रं येतात."

"बाकी सगळ्यांचे आभार मानून झाले. तुमचा चेहरा तेवढा बघायचा राहिला होता."

अनोजांनी जुनं चित्र काढलं आणि डागावर पेन टेकवलं. ग्लेनिस वाकून बघत राहिली.

"एवढासा? ह्याच्यापायी सत्तावीस वर्षं?"

"मीसुद्धा आधी दोनदा त्याच्यावरून पुढे गेले होते," अनोजा हळूच म्हणाल्या.

"पण तिसऱ्यांदा बघितलंत ना!" ग्लेनिसने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. क्लेमने घरी केलेल्या केकचा डबा पुढे सरकवला. तिघांनी उभ्याउभ्याच एकेक तुकडा खाल्ला. तेवढ्यात फोन वाजला. कोणाची तरी चित्रं तयार झाली होती.

"बसा तुम्ही कामाला," ग्लेनिस म्हणाली. "तिकडे कोणीतरी जीव मुठीत धरून बसलं असेल."