मामाजींना काढण्याची सभा

आमच्या शेतकरी कंपनीच्या संचालकपदावरून माझ्या सासऱ्यांना काढायचं ठरलं, आणि तशी नोटीस त्यांच्या हातात द्यायचं काम माझ्यावर आलं. कंपनीच्या ऑफिसात कागदपत्रं मीच बघते. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते.

कंपनी त्यांनीच उभी केली. डोणगावच्या आसपासच्या गावांत जुन्या मोटरसायकलवर फिरून, एकेका ओसरीवर बसून त्यांनी लोकांना शेअर घ्यायला लावले. पण गेल्या दोन वर्षांत त्यांना विसर पडू लागला. घरी आम्ही सांभाळून घ्यायचो. चष्मा हरवला की नवऱ्याने शोधायचा, फोन हरवला की मी. कंपनीत ते चालेना. पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या गोदामाची किल्ली त्यांनी कुठेतरी ठेवली, आणि ती अध्यक्षांनाच दिली म्हणून अडून बसले. लोक दिवसभर ट्रॅक्टर घेऊन दारात उभे होते. शेवटी कुलूप तोडावं लागलं. आठवड्याने किल्ली माझ्या डाळीच्या डब्यात सापडली. मी कुणाला काही बोलले नाही.

अध्यक्ष घरी आले, राजीनामा द्या म्हणून त्यांनी हात जोडले. मामाजी शांतपणे म्हणाले, "मले लोकायनं निवडलं. काढायचं तं लोकायनंच काढावं. तुमी चार जन बसून नाही."

त्यांचं बरोबर होतं. संचालकाला मुदतीआधी काढायचं तर ते सभासदांच्या सभेत, बहुमतानेच. ठराव मांडणाऱ्या सभासदांनी आधी कंपनीला नोटीस द्यायची, कंपनीने तिची प्रत संचालकाला द्यायची, आणि त्याला आपली बाजू मांडू द्यायची.

दुपारचं जेवण झाल्यावर मी नोटीस त्यांच्यापुढे ठेवली. खालच्या सह्यांवरून ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. सगळी त्यांनीच जोडलेली माणसं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की माझी बाजू तू लिहून दे.

तीन दिवस दुपारी आम्ही लिहीत बसलो. आदल्या दिवशी काय सांगितलं ते त्यांना आठवत नसे, मग मी वाचून दाखवायची. तिसऱ्या दिवशी ते मधेच थांबले.

"किल्ली मी खरंच अध्यक्षाले देली होती का?"

"नाही मामाजी. डाळीच्या डब्यात होती."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

त्यांनी माझ्यापुढचा कागद सरळ केला. मग म्हणाले, "लिही. मले विसर पडून राह्यला, हे घरच्यायनं मले सांगितलं नाही."

मी ते लिहिलं. लिहिताना अक्षरं पुसट दिसत होती.

सभेत त्यांनी तो कागद स्वतः वाचला. कंपनी कशी उभी राहिली ते वाचलं, किल्लीचंही वाचलं. मग मतदान झालं. शेअर कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. माझ्या नावावरही शेअर होते. सुनेच्या नावाने कशाला, असं लोक म्हणत असताना मामाजींनीच ते घ्यायला लावले होते. ठरावाच्या बाजूचे हात वर करायला सांगितले, तेव्हा मी केला. त्यांच्याकडे बघवलं नाही. ठराव मंजूर झाला.

परतताना ऑटोत आम्ही दोघंच मागे होतो. त्यांनी विचारलं, "तुवा हात वर केला होता ना?"

"हो."

"मी पायलं." ते म्हणाले. "मले वाटलं, तू भिऊन बसशीन. बरं केलं."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. घर येईपर्यंत तो तसाच होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना खामगावच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. विसर गेला नाही, त्याचं वाढणं मात्र जरा मंदावलं. आता घरात त्यांच्यापासून काही लपवत नाही. काही चुकलं की सांगतो. कधी ते चिडतात, कधी हसतात.

सभासद मात्र ते अजून आहेत. सभेला पांढरा सदरा घालून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात आणि बियाण्याबद्दल हमखास प्रश्न विचारतात. कधी तोच प्रश्न पुन्हा विचारतात. अध्यक्ष दोन्ही वेळा उभे राहून उत्तर देतात.