मास्तरांच्या वह्या आणि तीन कागद

मास्तर आज सकाळी गेले. त्यांचं पुस्तक माझ्या लॅपटॉपमध्येच राहिलं.

कारण मला फॉन्ट ठरवता आला नाही.

हे वाचून कुणाला हसू येईल. मलाही हे नीट सांगता येईल असं वाटत नाही. तरी लिहून ठेवते.

वासुदेव मास्तर आमच्या झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले ऑर्गनवाले. वडशाच्या कंपन्यांच्या नाटकांना त्यांनी उभं आयुष्य साथ केली. लहानपणी मला सारेगम त्यांनीच शिकवलं.

मागच्या हिवाळ्यात आरमोरीहून वडशाला त्यांना भेटायला गेले, तर त्यांनी तीन जाड वह्या माझ्या मांडीवर ठेवल्या. नाट्यगीतांच्या चाली, सगळ्या स्वरलिपीत. शाई पसरलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या.

"हे छापून दे. नवे पोट्टे मोबाईलवर ऐकून वाजवतेत, मधल्या जागा सुटून जातेत."

"कधीपर्यंत पाहिजे, मास्तर?"

"नाटकाच्या पुढच्या सीझनच्या आत. एकडाव स्टँडवर ठेवून वाजवून पाहतो."

एवढंच मागणं होतं.

स्वरलिपी म्हणजे नुसती अक्षरं नसतात. खालच्या सप्तकाचा स्वर असेल तर अक्षराखाली टिंब, वरच्याचा असेल तर डोक्यावर टिंब, कोमल असेल तर खाली आडवी रेघ. हाताने लिहिताना टिंब आपोआप अक्षराला चिकटून बसतं. कॉम्प्युटरवर बसत नाही. दोन ओळींच्या मधेच कुठेतरी लटकतं.

म्हणून मी एकच गाणं तीन फॉन्टमध्ये छापलं आणि उन्हाळ्यात तीन कागद घेऊन वडशाला गेले.

पहिला कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेला.

"हे तं लग्नपत्रिका झाली वं! मामाचं नाव टाकाचं राह्यलं."

दुसऱ्यावर म्हणाले, "हा टिंब कोणाचा हाय? वरच्या सा चा का खालच्या ग चा? बांधावरून भांडून राह्यले दोघं."

मग ऑर्गनवर बसले. तिन्ही कागद पाळीपाळीने समोर ठेवून वाजवले. पहिला सरळ. दुसऱ्यात एका जागी खालच्या सप्तकातला 'नि' मधल्या सप्तकात वाजला. तिसरा पुन्हा सरळ.

"हे चालते," म्हणाले.

तिसरा फॉन्ट मला सगळ्यात कमी आवडलेला. जाड, ठोकळ्यासारखा. पण परीक्षा झाली होती आणि निकाल लागला होता.

मग मला शंका आली. तिसऱ्या फॉन्टमध्ये खालचा कोमल 'नि' लिहिला की टिंब रेघेला चिकटतं, आणि झेरॉक्स काढली की दिसेनासं होतं. मग दुसऱ्या कागदाचाच फॉन्ट घेऊन ओळींत अंतर वाढवावं का? अख्खा पावसाळा मी टिंबं सरकवत बसले. रोज डायरीत नोंद. आज अर्धा पॉइंट खाली. आज पुन्हा वर.

मास्तरांचा दोनदा फोन आला.

"झालं का वं?"

"फॉन्टचं राहिलंय, मास्तर."

"बरं बरं. तुले आवडते तेच घे."

मला वाटलं, तिसरा निवडून आता असं काऊन म्हणतात?

आज अंत्ययात्रा निघाल्यावर मास्तरांच्या घरी आम्ही बायकाच उरलो. काकूंजवळ, म्हणजे मास्तरांच्या बायकोजवळ, बसले. म्हटलं, "काकू, मास्तरांनी कागद पाहून दिले होते, तरी मी उशीर केला."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"पाहून? त्याईले दिसत होतं कुठी? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन सीझन झाल्यावर करू म्हणत."

"पण लग्नपत्रिका म्हणाले..."

"वेलबुट्टी दिसे थोडीशी. टिंब काय दिसते? कोणतं गाणं हाय ते तूच आल्याबरोबर सांगतलं. वाजवलं पाठ."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू इतक्या उन्हात कागद घेऊन आलती. म्हणे, पोरीचं मन काऊन मोडाचं?"

घरी येऊन डायरी काढली. त्या दिवशी लिहिलंय, 'मास्तरांनी दुसऱ्या कागदातल्या टिंबाबद्दल विचारलं.'

पण टिंबाचा घोळ आधी मीच बोलून दाखवला होता का? दारातून आत येताना? मी बोलले असणारच, मला तेवढाच एक विषय होता. पण डायरीत ते नाही.

मग 'नि' चुकला, तो दोष कशाचा होता? फॉन्टचा? वयाचा? की मी दुसऱ्या कागदाबद्दल कुरकुर करत होते, म्हणून मास्तर मुद्दाम चुकले?

मुद्दाम चुकले असतील तर तेवढ्या एका सुरासाठी मी चार महिने घालवले. तसे नसतील, तर ते टिंब अजूनही चुकीच्या जागी आहे.

मला खरंच कळत नाही.

तिथून निघताना काकूंना म्हटलं होतं, "आता अक्षर मोठं करते. एका पानावर चारच ओळी."

"आता कोणासाठी वं?"

टोमणा नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या.

तरी दुपारी बसून अक्षर मोठं केलं. तिसराच फॉन्ट ठेवलाय, बरोबर की चूक माहीत नाही. सोमवारी छापायला जाईल.

मास्तर, मी तुम्हाला टिंब विचारलं, रेघ विचारली, ओळींमधलं अंतर विचारलं.

दिसतं का, एवढं विचारलं नाही.

चुकलं माझं. तुमच्या पाया पडते.