ह्यांच्या वहीतला एक नंबर

...दूध गॅसवर होतं, मेथीची जुडी अर्धी निवडून झाली होती आणि बाल्कनीचा कठडा पुसायचा राहिला होता. गाझियाबादला राहायला आल्यापासून धूळ पुसणं हे माझं नित्यकर्म, पूजेच्याही आधीचं.

तेवढ्यात अश्विनीचा फोन. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपची अ‍ॅडमिन, पुण्याची मुलगी, नोएडात आयटीत आहे. माझ्यावर लेकीसारखा हक्क गाजवते.

जुन्या अ‍ॅपने नियम बदलले, आता ते आपली माहिती विकणार, अशी मंडळात आठवडाभर चर्चा चालू होती. म्हणून सगळ्यांनी नव्या अ‍ॅपवर जायचं ठरलं. मी विचारलं, हे नवं कुणाचं गं? म्हणाली, "बाहेरचंच आहे काकू. पण जुनं तरी कुठे आपलं होतं!"

मग ती फोनवर सांगत गेली आणि मी करत गेले. "आता विचारेल ना, त्याला अलाऊ करा. परत अलाऊ. अजून एकदा, बिल्कुल. चलो काकू, झालं!"

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं वाचन वाण्याच्या पुडीच्या कागदांवर आणि ह्यांनी लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकांवर झालं. त्यामुळे छापलेलं काही समोर आलं की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय... गॅसच्या पावतीची मागची बाजूसुद्धा. पण त्या दिवशी दूध वर येत होतं. मेथीच्या ओल्या बोटाने मी तीनदा दाबलं आणि गॅसकडे धावले.

दूध वाचलं.

पाचेक मिनिटांनी टेबलाच्या खणात काहीतरी थरथरलं. खणात ह्यांचा फोन असतो. हे जाऊन तीन वर्षं झाली, पण त्यांचा नंबर मी बंद केलेला नाही. दर गुरुवारी फोन चार्ज करते. मुलगा आधी समजावायचा, आता विचारत नाही.

मेसेज हिंदीत होता. 'सुमन आपका इंतज़ार कर रही हैं. अभी जुड़िए.' खाली त्या नव्या अ‍ॅपची लिंक.

मी आधी हसले. अहो, वाट बघतेय हे खरं... पण भेटायचं तर मलाच तिकडे यावं लागेल, आणि इतक्यात नाही, अजून मेथी निवडायचीय. मग जरा वेळ तो फोन हातात घेऊन तशीच बसले.

बसल्या बसल्या लक्षात आलं. माझ्या नावाने ह्यांना बोलावणं गेलं, म्हणजे माझ्या फोनमधल्या सगळ्यांनाच गेलं असणार. सगळ्यांचे नंबर त्या अ‍ॅपवाल्यांनी उचलले असणार.

हे बरीच वर्षं मंडळाचे सेक्रेटरी होते. त्यांच्या वहीत प्रत्येक नंबरापुढे बारीक अक्षरात नोंद असायची. 'गुळपोळी नको, शुगर.' 'एकटे असतात, दिवाळीला जेवायला बोलावणे.' 'फार बोलतात, सवडीने फोन करणे.' ते गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी ती अख्खी वही फोनमध्ये उतरवली... नोंदींसकट. त्यांचा एकही शब्द गाळवेना.

त्यात एक मनीषा आहे. नाव बदललंय, आणि हे सगळं तिला विचारूनच लिहितेय. खूप मार सोसून एका सकाळी ती आमच्या दारात आली होती. ह्यांनी तिला खोली बघून दिली, नवा नंबर घेऊन दिला. तिला शोधणारी माणसं मंडळातल्या काहींच्या ओळखीची. म्हणून वहीत तिच्या नावापुढे एकच ओळ... 'हा नंबर कुणालाही देऊ नये.'

ह्यांनी तो कुणालाही दिला नाही. तसे कुणाचाच देत नसत, आधी त्या माणसाला फोन करून "देऊ का?" असं विचारायचे. मी चिडवायची, "अहो, नंबरच मागितलाय, किडनी नाही!"

आणि मी तो नंबर, त्या ओळीसकट, कुठल्या देशात जाऊन पडतो हेही माहीत नसताना देऊन टाकला.

अश्विनीला फोन करून सांगितलं. संध्याकाळी ऑफिसातून थेट घरी आली. अ‍ॅपवर चढलेली नंबरांची यादी काढून टाकली, अ‍ॅपही काढलं. म्हणाली, "आपल्या बाजूने पुसलं गेलं काकू. त्यांच्याकडून पुसलं गेलं का, ते मला नाही सांगता येणार. आणि ही अ‍ॅप्स ना, ओळखीतल्या लोकांना एकमेकांची नावं सुचवत बसतात." मग हळूच, "सॉरी काकू. मी पण वाचलं नव्हतं."

तिला मेथीची भाजी आणि भाकरी वाढली. चूक दोघींची, जेवणही दोघींनी मिळून केलं.

माझं स्वतःचं काय, माझ्या फोनमध्ये तुळशीचे आणि नातवाचे फोटो. पण त्याच फोनमध्ये लोकांनी विश्वासाने ठेवलेलं किती काय असतं... ते 'अलाऊ' करायचा हक्क मला कुणी दिला होता?

मनीषाला तेवढ्यापुरता मेसेज केला होता, त्या लिंकला हात लावू नकोस, उद्या येते. बाकीचं फोनवर सांगायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांची वही पिशवीत घातली आणि मेट्रोने तिच्याकडे गेले. कुठल्या स्टेशनला उतरले ते लिहीत नाही. झालेलं सगळं तिला समोर बसून सांगितलं. दुपारी आम्ही दोघींनी जाऊन तिच्यासाठी नवा नंबर घेतला. तो मी फोनमध्ये घातला नाही. वहीत जुना खोडून नवा लिहिला, आणि त्याच्यापुढे ह्यांची ती ओळ माझ्या अक्षरात लिहिली.