बादशहाचं ताट

सून म्हणून वरवंडला आली त्याच आठवड्यात अनुपमानं सासऱ्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. मारुतराव ताटावर बसले होते. कालवण निवत होतं आणि ते मांडीवरचं जाडजूड पुस्तक वाचत होते.

"चाख, विठा," मान वर न करता ते म्हणाले.

विठाबाईंनी भाकरीचा कोपरा मोडला, कालवणात बुडवून तोंडात टाकला. मगच मारुतरावांनी घास घेतला.

"ह्ये काय वो आत्या?" अनुपमानं चुलीपाशी हळूच सासूला विचारलं.

"बादशा हायेत न्हवं आमचे! इख घालंल की कुणीतरी!" विठाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

कुरकुंभच्या कंपनीत बॉयलरवर नोकरी करून मारुतराव निवृत्त झाले आणि मुघल दरबाराच्या पुस्तकांना लागले. लढाया त्यांना नको असत. महालात कोण कुठं उभं राही, मुदपाकखान्यातून ताट कापडात बांधून, मोहोर लावून कसं येई, बादशहाआधी कोण चाखे, हे ते पुन्हा पुन्हा वाचत. त्यातच बापाला कोंडून गादीवर बसणारे मुलगेही होते. एरवी माणूस मऊ. सुनेला निमोण्याला माहेरी सोडायला स्वतः जात आणि तिच्या आईनं दिलेली शेंगांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन येत.

पुढं एका रात्री विठाबाई झोपेतच गेल्या. त्या दिवसापासून मारुतरावांनी घरच्या अन्नाला हात लावला नाही. केळी खात, नाहीतर अंडी स्वतः उकडून, स्वतः सोलून.

"मामा, मी चाखते की," अनुपमा म्हणाली.

"तू विक्रमची," ते शांतपणे म्हणाले. आवाजात राग नव्हता. आपला नवरा या घरात कधी शहजादा झाला, हे तिला कळलंच नव्हतं.

दहाव्यापर्यंत त्यांच्या गळ्याची हाडं वर आली. भिंत धरल्याशिवाय उठता येईना. असंच चाललं तर महिना काढणार नाहीत, असं डॉक्टर विक्रमला बाजूला घेऊन म्हणाले.

दहावा दौंडला, भीमेच्या काठी झाला. पिंडाशेजारी विठाबाईंच्या आवडीची मेथी आणि भाकरी पानावर मांडली. बाभळीवर कावळे ओळीनं बसले होते, पण एकही खाली उतरेना.

"आई, आबांना अंतर देणार न्हाई," विक्रम म्हणाला. कावळे हलले नाहीत.

"सूनबाई, तू बोल," चुलत सासरे सोपानराव म्हणाले.

"आत्या, मामांना उपाशी ठिवणार न्हाई." तरी नाही.

मग मागून, घरातल्या रोजच्याच आवाजात, मारुतराव म्हणाले, "चाख, विठा."

पंखांचा आवाज कुणी ऐकला नाही. कावळा पानाशी होता. पिंडाकडे त्यानं पाहिलं नाही. भाकरीचा कोपरा मोडला, मेथीवर दाबला आणि उचलला.

मारुतराव खाली बसले आणि तेच पान ओढून जेवू लागले.

"आबा! त्ये मेलेल्या माणसाचं पान हाय!" विक्रमनं त्यांचा हात धरला.

"खाऊ दे रं," सोपानराव म्हणाले. "धा दिसांनी जेवतोय माणूस."

तेव्हापासून अनुपमा सासऱ्यांचं ताट आधी गच्चीच्या कठड्यावर ठेवते आणि बाजूला होते. दुपारी कावळा येतो, त्याचं तिला काही वाटत नाही. पण संध्याकाळी दिवे लागल्यावर पाखरू उडत नाही, आणि तरी भाकरीचा कोपरा मोडलेला असतो. एकदा तिनं ताट दिव्याखाली धरून पाहिलं. चोच मारल्याची खूण नव्हती. चिमटीत धरून मोडावा तसा तुकडा मोडला होता, आणि कालवणाचा एक थेंब ताटाच्या काठावर अजून ओघळत होता. तिनं ते विक्रमला सांगितलं नाही. ताट मारुतरावांपुढं ठेवलं.

मारुतराव हल्ली दोन्ही वेळा पोटभर जेवतात आणि जेवून झालं की, "विठाचं उष्टं हाय," म्हणत आपलं ताट आपणच घासतात.